दहा सह्या, सहा उमेदवार आणि संध्याकाळची बस

निवडणूक मी हरले, हे आधीच सांगून टाकते. २०२४ च्या नोव्हेंबरात न्यू जर्सीतल्या आमच्या गावच्या बोर्ड ऑफ एज्युकेशनसाठी, म्हणजे सरकारी शाळांच्या कारभारावर देखरेख करणाऱ्या निवडून आलेल्या मंडळासाठी, मी उभी होते. तीन जागा, सहा उमेदवार, माझा नंबर चौथा. तेव्हापासून निदान पंधरा मराठी मंडळींनी विचारलं असेल, "तुम्ही ते नक्की केलंत कसं?" फोनवर सांगताना दर वेळी काहीतरी राहून जातं, म्हणून एकदाच सगळं लिहून काढते आहे. काउंटी मिडलसेक्स, एवढं पुरे. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. इथे सगळे सगळ्यांना ओळखतात.

सुरुवात झाली एका बसवरून. २०२३ च्या सप्टेंबरात माझी लेक नववीत, म्हणजे हायस्कूलात गेली. शाळा सुटते दुपारी २.१० ला, तिचा रोबोटिक्सचा क्लब चालतो साडेचारपर्यंत. क्लब आणि खेळांच्या मुलांना घरी सोडणारी ४.४० ची 'लेट बस' त्याच वर्षी बंद झाली. आमचं घर शाळेपासून तीन मैल, वाटेत निम्म्या रस्त्याला फुटपाथ नाही, आणि मी ऑफिसातून निघते पाचला. ऑक्टोबरातल्या एका पावसाळी संध्याकाळी पोचायला मला सहा वाजले. लेक आणि तिची एक मैत्रीण दारालगतच्या बाकावर बसल्या होत्या आणि त्यांच्यासमोर पिवळ्या बादलीवर पाय टेकून सफाईचं काम करणारे काका. ड्युटी संपून त्यांना अर्धा तास झाला होता. "एकट्या कशा सोडू?" एवढंच म्हणाले आणि दिवे घालवायला गेले.

त्याच महिन्यात मी पहिल्यांदा बोर्डाच्या बैठकीला गेले. कुणीही जाऊ शकतं. बैठका उघड्या ठेवायच्या असा राज्याचा कायदाच आहे, १९७५ पासून. नागरिकांना बोलायला आमच्याकडे तीन मिनिटं मिळतात. मी घरी आरशासमोर सराव करून गेले होते, तरी लाल दिवा लागला तेव्हा मी अजून प्रस्तावनेतच होते. "थँक यू, नेक्स्ट." कुणी उत्तर दिलं नाही. घरी येऊन मी भरपूर चिडचिड केली. मागाहून कळलं, तो उद्धटपणा नव्हता. त्या सत्रात बोर्डाने ऐकायचं असतं, वाद घालायचा नसतो. हे आधी माहीत असतं तर मी तीन मिनिटांत एकच प्रश्न मांडला असता आणि कागद त्यांच्या हातात दिला असता. तुम्ही तसंच करा.

बस चालवायला किती खर्च यायचा, हे कुणीच सांगेना. प्रत्येक शाळा-जिल्ह्याला (स्कूल डिस्ट्रिक्ट, म्हणजे एका भागातल्या सरकारी शाळांचा एकत्र कारभार) वेबसाइटवर 'यूझर-फ्रेंडली बजेट' लावावं लागतं. नावातला यूझर कोण ते देव जाणे. त्यात वाहतुकीची एक भलीमोठी रक्कम होती, पण लेट बसचा पत्ता नव्हता. मग 'ओप्रा' केलं. हा आपल्या माहिती अधिकाराचा इथला भाऊ: एक फॉर्म भरायचा, त्यांनी साधारण सात कामकाजी दिवसांत उत्तर द्यायचं. सातव्या दिवशी दुपारी ईमेल आली. दोन बसेस, वर्षाला ६२ हजार डॉलर. हायस्कूलची मुलं अडीच मैलांपेक्षा लांब राहत असतील तर त्यांना ने-आण देणं कायद्याने बंधनकारक आहे. क्लबानंतरची बस त्यात बसत नाही, म्हणून कात्री आधी तिच्यावर चालली. हा कागद मी आजही जपून ठेवला आहे.

उभं राहायचं खूळ डोक्यात शिरलं ते २०२४ च्या जूनमध्ये. नवरा म्हणाला, "भाजीबरोबर फुकटची कोथिंबीर मागायला लाजतेस, तू मतं मागणार?" मुद्दा रास्त होता.

पात्रता सोपी आहे: अमेरिकेचं नागरिकत्व, वय किमान १८, मतदार म्हणून नोंद, त्या शाळा-जिल्ह्यात किमान एक वर्ष वास्तव्य, ठरावीक गुन्ह्यांत शिक्षा झालेली नसणं आणि बोर्डाशी स्वतःचे व्यवहार किंवा दावे अडकलेले नसणं. पक्षाचं तिकीट नसतं, कारण ही निवडणूक पक्षविरहित. अर्जाला फी नाही, अनामत नाही, त्यामुळे ती जप्त व्हायचीही भीती नाही. पगारही नाही. मुदत तीन वर्षांची. न्यू जर्सी स्कूल बोर्ड्स असोसिएशनची इच्छुकांसाठीची माहितीपुस्तिका मी छापून घेतली आणि ट्रेनमध्ये पेन्सिल घेऊन वाचली. तेवढा एक शहाणपणा केला.

उमेदवारी अर्जाला इथे पिटिशन म्हणतात. त्या वर्षी त्यावर आपल्या शाळा-जिल्ह्यातल्या किमान दहा नोंदणीकृत मतदारांच्या सह्या लागत होत्या. आपल्याकडचे सूचक-अनुमोदक समजा. दहा म्हणजे काय, एका भिशीत होतील, असं वाटलं होतं. ४ जुलैच्या बार्बेक्यूला कागद घेऊन गेले आणि तासाभरात १४ सह्या घेऊन हसत परतले. रात्री मतदार नोंदणीशी ताडून पाहिल्या तर उरल्या आठ. तिघांकडे ग्रीन कार्ड होतं, नागरिकत्व नव्हतं. दोघांनी घर बदललं होतं, नोंद जुन्या गावातच. एका भाऊजींनी तर स्वतःच्या सहीखाली बायकोचीही ठोकून दिली होती. "अगं, बँकेत चालते ना!" ती मी तिथल्या तिथे खोडली.

राहिलेल्या सह्यांसाठी दारोदार फिरले. पलीकडच्या गल्लीत एक आजी मुलाकडे राहतात. नागरिक झाल्यापासून त्यांनी एकही मतदान चुकवलेलं नाही. त्यांनी चष्मा लावून सगळा मजकूर वाचला, आणि सही केली ती चक्क देवनागरीत, वळणदार, खाली नीट रेघ ओढून. मी दचकले. "माझ्या मतदार नोंदणीवरही अशीच आहे," त्या म्हणाल्या, "नाव कुठेही गेलं तरी सही बदलायची नाही." शेजारी इंग्रजीत नाव लिहून घेतलं. शेवटी २२ सह्या झाल्या. किमान आकड्याच्या दुप्पट घ्या, हा माझा सल्ला.

अर्जाला नोटरी लागतो. त्यात सह्या गोळा झाल्याबद्दलची शपथ असते आणि आपल्या स्वीकृतीचीही असते. नोटरीची फी अडीच डॉलर. माझ्या बँकेत फुकट झालं, पण तो नोटरी फक्त मंगळवार-गुरुवार असतो हे दोन खेपांनंतर कळलं. अर्ज द्यायचा काउंटी क्लर्ककडे, म्हणजे काउंटीच्या निवडणुकीचे कागद सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याकडे, न्यू ब्रन्सविकला. शेवटचा दिवस जुलैचा शेवटचा सोमवार, दुपारी चारपर्यंत. त्या वर्षी २९ जुलै. मी बुधवारी, २४ तारखेलाच गेले. काउंटरमागच्या बाईंनी प्रत्येक पान बोट फिरवत वाचलं आणि एका सहीसमोर पत्त्यात अपार्टमेंट नंबर नाही हे दाखवलं. जास्तीच्या सह्या होत्या म्हणून घाम फुटला नाही. शिक्का मारलेली प्रत मागून घ्या. नंतर निवडणूक-खर्चाचे फॉर्म भरताना ती हाताशी लागते. खर्च ठरावीक मर्यादेत ठेवणार असाल तर ए-१ हा छोटा फॉर्म पुरतो. मर्यादा बदलत असते, त्या वर्षीचीच बघा.

ऑगस्टात मतपत्रिकेवरच्या क्रमासाठी चिठ्ठ्या काढतात. माझा क्रम पाचवा. अध्यक्षीय निवडणुकीचं वर्ष, त्यामुळे सगळ्यात वर राष्ट्राध्यक्ष आणि शाळेची ओळ अगदी टोकाला. माझ्या प्रचाराचं निम्मं वाक्य पुढचे तीन महिने हेच होतं: "शेवटपर्यंत वाचा हं!"

आता पत्रकाबद्दल, कारण मला खरं शिकायला मिळालं ते तिथे. पहिल्या पत्रकावर पाच मुद्दे होते: लेट बस, हायस्कूल सकाळी ७.२५ ऐवजी ८.३० ला सुरू करणं, जास्त काउन्सेलर, एपी (हायस्कूलातच द्यायच्या कॉलेज पातळीच्या) परीक्षांच्या फीला मदत, आणि आठवीतच सर्वांना अल्जिब्रा. घरच्या टेबलावर पाचही मुद्दे मला स्वयंसिद्ध वाटत होते. पंधराशे प्रती छापल्या.

साडेआठचं बघा. किशोरवयीन मुलांना झोप मिळावी म्हणून माध्यमिक शाळा साडेआठच्या आधी भरू नये, असं अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ मध्येच सांगितलं आहे. मी ते ठणकावून सांगत होते. सप्टेंबरात एका दारात बसचालक म्हणून निवृत्त झालेले गृहस्थ भेटले. त्यांनी मला पायरीवर बसवलं आणि माझ्याच पत्रकाच्या पाठीवर तीन रेघा मारल्या. तीच बस आधी हायस्कूलची मुलं सोडते, मग मिडल स्कूलची, मग प्राथमिकची. "मोठ्यांना मागे ढकललंत तर डिसेंबरच्या अंधारात सात वर्षांची पोरं उभी करणार आहात, की बसेस आणि चालक वाढवणार आहात? चालक आणणार कुठून?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. दुसऱ्यांदा पत्रक छापलं तेव्हा 'साडेआठला शाळा' जाऊन तिथे 'बसच्या वेळापत्रकाचा अभ्यास करून निर्णय' असं मिळमिळीत वाक्य आलं. फेसबुकवर कुणीतरी दोन्ही पत्रकं शेजारीशेजारी लावली आणि 'शब्द फिरवला' म्हणून जाहीर केलं. फिरवला होताच. पण पहिला शब्द मी अभ्यास न करता दिला होता, हे कबूल करायला पत्रकावर जागा नसते.

अल्जिब्रा आणि एपीचं दुखणं वेगळंच निघालं. एका घरी एक आई म्हणाली, "माझ्या मुलाला वेल्डिंग शिकायचंय. काउंटीच्या व्होकेशनल शाळेत जागा मिळाली नाही आणि आपल्या हायस्कूलमधलं वर्कशॉप बंद होऊन तिथे आता खुर्च्या ठेवतात. तुमच्या या कागदावर त्याच्यासाठी काय आहे?" मी कागद उलटसुलट करून पाहिला. काही नव्हतं. पाचपैकी दोन मुद्दे सरळ आमच्यासारख्या घरांचे होते: आई-बाप इंजिनियर, मुलांनीही तेच व्हावं. त्या रात्री मला झोप लागली नाही. अल्जिब्रा काढला, वर्कशॉप घातलं.

काउन्सेलर हा मुद्दा मात्र शेवटपर्यंत टिकला. एका काउन्सेलरमागे २५० मुलं, ही त्यांच्या राष्ट्रीय संघटनेची शिफारस. आमच्याकडे तीनशेच्या वर. त्यातच कोव्हिडकाळात आलेला केंद्राचा निधी ३० सप्टेंबर २०२४ ला संपत होता आणि मानसिक आरोग्याचं एक पद त्याच पैशावर चालू होतं. हे दारात सांगितलं की माणसं थांबून ऐकायची. प्रत्येक घरात कुणी ना कुणी कोव्हिडनंतर खोलीत कोंडून घेतलेलं मूल पाहिलेलं होतं.

आणि मग हा पैसा आणायचा कुठून? शाळेसाठीचा मालमत्ता कर वर्षाला दोन टक्क्यांहून जास्त वाढवता येत नाही, असा २०१० चा कायदा आहे. काही अपवाद आहेत, पण ढोबळ हिशेब हाच. पगार आणि आरोग्य विमा त्याहून वेगाने वाढतात. म्हणजे नवीन काही आणायचं तर जुनं काही काढा. हे कळल्यावर मी 'आणू' हा शब्द वापरणं सोडलं. आणखी एक गोष्ट कळायला मला वेळ लागला: बोर्ड शाळा चालवत नाही. ती नीट चालते ना ते बघतं, सुपरिंटेंडंट (सगळ्या शाळांचा मुख्य प्रशासक) नेमतं, धोरण ठरवतं, बजेट मंजूर करतं. 'अमक्या सरांना काढा' म्हणणाऱ्यांना मी हे सांगत राहिले आणि त्यांची मतं गमावत राहिले.

गणपती ७ सप्टेंबरला, शनिवारी होते. मंडळाच्या मंडपात पत्रकं वाटायची नाहीत असं मी ठरवलं होतं. प्रसादाच्या रांगेत मत मागणं मला जमलं नसतं. पण आरतीनंतर मंडळीच भोवती जमली आणि तेव्हा पहिल्यांदा खरा हिशेब लक्षात आला. तिथल्या तीसेक पालकांपैकी मतदार सहा. बाकीचे व्हिसावर, ग्रीन कार्डच्या रांगेत, काही तर बारा-बारा वर्षं. आमच्या भागातली दोन मोठी अपार्टमेंट संकुलं अशीच. सकाळी बस तिथे आली की खचाखच भरते, आणि माझ्या हातातल्या मतदार यादीत त्या पत्त्यांवर ओळींमागून ओळी रिकाम्या. याउलट ज्यांची मतं हमखास पडतात, त्यांची मुलं केव्हाच शिकून बाहेर पडलेली. त्यांना कराची काळजी, आणि तीही खरी. एका मराठी बाबाने विचारलं, "ताई, आम्हाला मत नाही, मग आम्ही काय करायचं?" मी म्हटलं, बैठकीला या, बोलायला नागरिकत्व लागत नाही. तो ओशाळं हसला. "व्हिसावर असताना सरकारी माईकसमोर?" या भीतीला माझ्याकडे पत्रक नव्हतं.

मग रोज संध्याकाळी साडेपाच ते साडेसात दारं. काही बारीक गोष्टी: टपालपेटीत पत्रक टाकू नका, तिकिटाशिवाय त्यात काही टाकणं केंद्रीय नियमात बसत नाही, दाराच्या कडीत अडकवा. प्रत्येक छापील कागदावर पैसे कोणी दिले ते लिहा. पाण्याची बाटली आणि कुत्र्यांसाठी शांतपणा जवळ ठेवा. एका संकुलाच्या संघटनेने माझे लॉन साइन (अंगणात रोवायच्या प्रचाराच्या पाट्या) रातोरात उपटून कचऱ्याजवळ रचले. नियमांची झेरॉक्स वर दगडाखाली ठेवली होती. नियम आधी विचारायचे होते, चूक माझी.

लायब्ररीत उमेदवारांची सभा झाली. उत्तराला ९० सेकंद. कराच्या प्रश्नावर इतर जण 'फालतू खर्च कमी करू' म्हणाले. मी ओप्राचा कागद काढला: ६२ हजार, गावात साधारण बारा हजार घरं, घरामागे वर्षाला पाच डॉलरच्या आसपास. त्या रात्री प्रथमच कुणीतरी अनोळखी माणसाने टाळी वाजवली. एकच टाळी, पण मी मान वळवून पाहिलं.

टपाली मतपत्रिका २१ सप्टेंबरपासून निघाल्या, हे मला उशिरा सुचलं. लोक मत देऊन मोकळे झाले तरी मी त्यांच्या दारात उभी. नवखे उमेदवार ५ नोव्हेंबरकडे डोळे लावून बसतात. प्रत्यक्षात मतदान दीड महिना आधी सुरू होतं. २६ ऑक्टोबरपासून लवकर मतदानाची केंद्रंही उघडली. ३१ तारखेला लक्ष्मीपूजन आणि हॅलोविन एकाच संध्याकाळी आलं. सांगाड्यांच्या वेशातली पोरं दारात, मागे पणत्या, आणि मी नऊवारीत चॉकलेटं वाटतेय. एका छोट्या डायनोसॉरच्या बाबाने विचारलं, "तुम्ही त्या बसवाल्या ना?" गावात माझं नाव तेच पडलं होतं.

५ तारखेला सकाळी सहाला मतदान केंद्राबाहेर, प्रचाराला बंदी असलेल्या शंभर फुटांच्या रेषेपलीकडे, थर्मासात चहा घेऊन उभी राहिले. रात्री आठला केंद्रं बंद झाली. साडेदहापर्यंत मी तिसरी होते, मग चौथी झाले. टपालाने येणारी मतं पुढचे सहा दिवस स्वीकारली जातात, त्यामुळे आठवडाभर जीव टांगणीला. शेवटी ३४१ मतांनी गेले. तिसऱ्या आलेल्या बाईंना फोन करून अभिनंदन केलं. त्यानंतर बाथरूममध्ये नळ सोडून रडले, हेही लिहायला हवं. लेक दाराबाहेरून म्हणाली, "आई, पाणी वाया जातंय."

एकूण खर्च: लॉन साइन ६४० डॉलर, पत्रकं दोन वेळा मिळून ४१५, तीनशे पोस्टकार्डांची तिकिटं १६८, वेबसाइट ४५, आणि मदतीला आलेल्यांच्या चहा-सामोशांचे ११०. बेरीज १,३७८. वर्गणी कुणाकडून घेतली नाही. हिशेब ठेवायचा कंटाळा, दुसरं कारण नाही. पुन्हा उभी राहिले तर साइन निम्मे करेन आणि पोस्टकार्डं तिप्पट. सह्यांचा आकडा, खर्चाची मर्यादा, तारखा या दर वर्षी काउंटी क्लर्ककडून ताज्या घ्या. माझ्या या लेखावर विसंबू नका.

२०२५ च्या एप्रिलअखेर बजेटची जाहीर सुनावणी होती. मी ओप्राचा कागद घेऊन गेले, तीन मिनिटांत बोलून बसले. माझ्यानंतर बसबद्दल आणखी सात पालक उठले. त्यांतले पाच जण त्या दोन अपार्टमेंट संकुलांतले, आणि चौथा तो गणपतीतला बाबा. त्याने खिशातून घडी घातलेला कागद काढला तेव्हा त्याचे हात थरथरत होते. काउन्सेलरचं पद गेलं ते गेलंच. वर्कशॉपचं नाव कुणी काढलं नाही. लेट बस सप्टेंबरपासून परत आली, एकच, मंगळवार आणि गुरुवार, ४.४० ला.

लेक आता अकरावीत आहे. मंगळवारी-गुरुवारीही ती बसने येत नाही. बारावीतल्या मैत्रिणीला लायसन्स मिळालंय, तिच्या गाडीतून येते.